बावन्न दरवाज्यांच्या आतलं माहेर

पाहुणे आले की आपल्या औरंगाबादकर बायकांचा (आता छत्रपती संभाजीनगरकर म्हणायचं, पण जिभेची सवय काही लगेच जात नाही!) कार्यक्रम अगदी ठरलेला असतो. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मकबरा आणि पाणचक्की, आणि जाताजाता हिमरूच्या शालींचं दुकान. पाहुणे खूश, आपण मोकळ्या. पण एखादी चौकस नणंद सहज विचारते, "वहिनी, तुमच्या भागाला पदमपुरा का म्हणतात हो?" आणि मग आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहतो.

मी इथलीच माहेरवाशीण आणि इथलीच सासुरवाशीण. माहेर गुलमंडीच्या मागे, सासर खाम नदीपलीकडे बेगमपुऱ्यात. पाठवणीला टांगा पुरला! त्यामुळे असल्या प्रश्नांची उत्तरं मला लहानपणीच, कुणी मुद्दाम न शिकवता मिळाली. आमच्या आजीला अक्षरओळख बेताचीच, पण गावाचं सगळं गणगोत तिला पाठ होतं. कर्णपुरा हा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा पदमसिंहाचा, जसवंतपुरा जसवंतसिंहाचा, जयसिंगपुरा जयसिंहाचा. औरंगजेबाच्या फौजेतले हे रजपूत सरदार इथं तळ देऊन राहिले, त्यांच्या छावण्यांची वस्ती झाली आणि वस्तीला त्यांचं नाव चिकटलं. आजी हे असं सांगायची की जणू ही सगळी चुलतघराण्यातलीच मंडळी!

त्याच्याही आधीचं गाव म्हणजे खडकी. खडकेश्वराच्या देवळात ते नाव अजून शिल्लक आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 च्या सुमाराला त्यानं खडकीचं शहर केलं. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजा बांधला. त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या, नावावरून काही काळ गावाला फतेहनगर म्हणत. 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद हे नाव पडलं. 2023 मध्ये आणखी एक नाव. गावानं नावं पुष्कळ बदलली, पण बायकांच्या डोक्यावरची घागर काही उतरली नाही. म्हणून मला मलिक अंबराची खरी थोरवी दरवाज्यात वाटत नाही, ती पाण्यात वाटते.

गाव वसवायचं तर पाणी हवं. मलिक अंबरानं डोंगराकडच्या भागात जमिनीत मुरलेलं, झिरपणारं पाणी विहिरींतून आणि भुयारांतून एकत्र केलं आणि नुसत्या उताराच्या जोरावर गावात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. नहरीचं भुयार दगड-चुन्यात बांधलेलं, माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी एवढं. ठिकठिकाणी हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी तोंडं ठेवलेली. मध्ये मध्ये मनोऱ्यासारखे उंच खांब, त्यांत पाणी चढायचं आणि पुढं खापरी नळांतून मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत पडायचं. दरबारातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी आधी या खटाटोपाची टिंगल केली होती, असं सांगतात. पुढच्या काळात आणखीही नहरी झाल्या. पाणचक्कीची वेगळी, थत्त्यांची वेगळी.

आता हे सगळं इंजिनिअरांनी लिहून ठेवलं आहे. पण हौदावर काय चालायचं, ते कुठल्याही पुस्तकात नाही. आजी सांगायची, नहरीचं पाणी गोड, आडाचं मचूळ. नहरीच्या पाण्यात डाळ चटकन शिजते, आडाच्या पाण्यात ती नुसती रटरटत बसते. म्हणून प्यायला आणि वरणाला हौदाचं पाणी, धुण्याभांड्याला आडाचं. एका घरात दोन रांजण, आणि नव्या सुनेनं रांजण चुकवला की सासूचा पट्टा सुरू! हौदावर कुणाच्या आधी कुणी घागर लावायची, कुणाची सावली कुणाच्या पाण्यावर पडता कामा नये, याचे कडक नियम होते. ते काही अभिमानानं सांगण्यासारखे नव्हेत. आजी तेवढ्यावर आली की आवाज खाली करायची. पण पाण्याचा इतिहास लिहायचा तर तोही लिहायला हवा, नाही का? ज्यांना हौदापाशी उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्या आज्यांजवळ या गावाची अगदी वेगळी हकिगत असणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथं कॉलेज सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. त्या नागसेनवनाच्या परिसरात ज्यांची पहिली पिढी शिकली, त्या बायकांनी तर जरूर लिहावं.

पाणचक्की हे आम्हा पोरांचं उन्हाळ्याच्या सुटीतलं हक्काचं ठिकाण. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची ही चक्की, अठराव्या शतकातली. नळातून आलेलं पाणी उंचावरून पडायचं, त्याच्या जोरानं खालचं चाक फिरायचं आणि वर जातं आपोआप दळायचं. ते पीठ फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जायचं. समोर भला मोठा हौद आणि गंमत म्हणजे त्या हौदाच्या तळाखाली दालन. वर पाणी, खाली माणसं! मे महिन्यात त्या दालनात शिरलं की अंगावर शहारा यायचा. आम्हाला कौतुक त्या गारव्याचं. आईचं कौतुक मात्र निराळं होतं. ती पदर खोचून चक्कीपुढे बराच वेळ नुसती उभी राहायची. रोज पहाटे दोन पायल्या जोंधळा दळणारी बाई ती! एकदा म्हणाली, "हे फकिरांना सुचलं, नवऱ्यांना कसं नाही गं सुचलं?"

घरं तेव्हा माळवदाची. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं सपाट छत आणि उजेडासाठी छताला सवणे. भिंतीतच बळद, त्यात वर्षाचं धान्य. उन्हाळ्यात संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपायचं, मातीचा वास सुटला की अंथरुणं टाकायची. शेजारपाजारच्या माळवदांवरून बायकांच्या गप्पा रात्री अकरापर्यंत. मोहल्ल्यात सगळ्या भाषा चालायच्या. आमच्या मराठीत "कामून" आणि "जायलास" तर होतंच, शिवाय दख्खनीतला "नक्को" होता. आमच्या वडिलांचं बरंचसं शिक्षण उर्दूतून झालेलं. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची भाषाच ती. म्हणून तर 1915 मध्ये सरस्वती भुवनसारखी शाळा निघाली, याचं केवढं अप्रूप होतं मराठी घरांना. वाड्याची जुनी कागदपत्रं आजही आमच्याकडे उर्दूत आहेत आणि आमच्या मुलांना त्यातलं एक अक्षर लागत नाही.

नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा. देवीला पहाटे अनवाणी निघायचं, अंधारात नुसत्या बांगड्यांच्या आवाजावरून पुढे कोण चाललंय ते ओळखायचं. ती यात्रा अजून भरते, सुदैवानं.

एक गोष्ट मात्र आई फार उशिरा बोलली. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण आपण निजामाच्या राज्यात. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं ते 17 सप्टेंबर 1948 ला, पोलीस कारवाईनंतर. मधले तेरा महिने रझाकारांच्या धास्तीचे. पुष्कळ कुटुंबं रेल्वेनं मनमाडला गेली, कारण मनमाड हद्दीपलीकडे. आई तेव्हा नवी सून होती. ती आणि तिची सासू एका रात्रीत निघाल्या आणि पुढं नाशिकला नातेवाइकांकडे राहिल्या. घराची किल्ली आणि दुभती गाय शेजारच्या खालांकडे. खाला म्हणजे मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्याच मावशी.

परत आल्यावर खालांनी किल्ली दिली, गाय दिली आणि एक फडक्याची पुरचुंडी दिली. त्यात पाच महिन्यांच्या दुधाचे पैसे होते, वैरणीचा खर्च वजा करून! रुपये हाली शिक्क्याचे. (नव्या पिढीच्या मैत्रिणींसाठी सांगते: निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया हे निरनिराळे, सात हाली म्हणजे सहा कलदार. पोलीस कारवाईनंतरही काही वर्षं दोन्ही चालत.) पण तोवर भीतीनं घर बदललं होतं. आता खालांच्या दाराला आतून कडी असायची. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवरही फार वाईट दिवस आले, हे आपल्याकडे कमी बोललं जातं. दोनेक वर्षांत खालांचं कुटुंब घर विकून गेलं. हैदराबादला की आणखी कुठं, ते आईला कळलं नाही. हे सांगून ती एवढंच म्हणाली, "तिनं तिचा हिशेब चुकता केला. आमच्याकडून तिची विचारपूस राहिली."

हे मला कळलं तेव्हा आईचं वय ऐंशीच्या घरात होतं. आधी कधी सांगितलं नाहीस, असं म्हटलं तर म्हणाली, "कुणी विचारलं?"

पुढचं तर आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलंय. 1972 चा दुष्काळ आला, रेशनवर लाल मिलो आला. त्याच्या भाकरी थापता थापेनात आणि पोरं तोंड वाकडं करायची. मग 1976 मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. नाथसागराचं पाणी गावात खेळलं, सिडकोच्या वसाहती उठल्या, आणि हौद-बंबांची गरज कुणाला वाटेना. नहरीच्या तोंडांवर रस्ते झाले, घरं झाली, कुठं बोअरनं भुयारच फोडलं. बावन्न दरवाज्यांतले मोजकेच उभे राहिले. आणि गेल्या कित्येक वर्षांत याच शहरात आठ-आठ दिवस नळाला पाणी न आल्याचं आपण सोसलंय, टँकरमागे बादल्या घेऊन धावलोय. चारशे वर्षांपूर्वी विजेशिवाय घरापाशी येणारं पाणी आठवलं की हसावं की रडावं, कळत नाही.

माळवदंही एकेक करून उतरताहेत. वाडा पाडला की बळद जातं, सवणे जातात. ते थांबवणं प्रत्येकीच्या हातात नसतं. पण घरातल्या म्हातारीला विचारणं तर आहे! माझा अनुभव असा की "जुन्या काळचं काही सांगा" म्हटलं की त्या हमखास म्हणतात, "आमचं काय सांगायचं बाई!" त्यापेक्षा शेंगा सोलायला जवळ बसावं आणि लहानसं काहीतरी विचारावं. पाणी कुठून भरत होता? पहिल्या बाळंतपणाला माहेरी कशानं गेलात? शेजारी कोण राहायचं, ते कुठं गेले? मोबाइल बाजूला चालू ठेवावा. सुरुवातीला आपणच तारीख आणि त्यांचं नाव बोलावं, म्हणजे पुढं घोटाळा होत नाही. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहावीत. बॉलपेननं उलट्या बाजूला वळ उठतात आणि शाई पसरते ती वेगळीच.

गेल्या महिन्यात माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आत्याला मी एवढंच विचारलं की हौदावरून घागर कुठल्या खांद्यावर घ्यायचीस. दीड तास बोलली. घागरीच्या कडीपासून गुलमंडीवरच्या कासारापर्यंत, कासारापासून त्याच्या विधवा बहिणीपर्यंत. मग एकदम थांबली आणि माझ्याकडे संशयानं बघत म्हणाली, "पण तू हे कामून विचारायलीस?" मी उत्तर जुळवत होते, तोवर तिनं पुढची शेंग फोडली आणि त्या बहिणीच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट सुरू केली.