दांडीच्या जागी वायू

शारजाच्या जुन्या मोटारींच्या संग्रहालयात १९१५ सालच्या डॉजपासूनची वाहने निगुतीने जतन केलेली आहेत. परंतु संयुक्त अरब अमिरातींत जुन्या मोटारीचे खरे सत्त्व पाहावयाचे असेल, तर ते वाळवंटाच्या कडेला पाहावे. १९६० ते १९८४ या काळात निर्माण झालेली चाळीस मालिकेची टोयोटा लँड क्रूझर तेथे आजही श्रद्धेने चालविली जाते. आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ साली काढलेला स्वतंत्र रुपया ज्या दिवसांत येथे चलनात होता आणि १९६६ साली अस्तंगत झाला, त्या दिवसांशी नाते सांगणारी ही गाडी होय. तिचे बॉनेट उघडले की ते एका लोखंडी दांडीच्या टेकूवर उभे राहते. वाळूत तापलेले इंजिन निववीत असता वायव्येकडून येणारा शमाल वारा बॉनेटखाली शिरला, तर तो पत्रा उचलला जाऊन दांडी खाचेतून निसटते, आणि मग तो सारा भार खाली वाकलेल्या माणसाच्या मस्तकावर येतो. या भयापासून मुक्त होण्यासाठी हौशी मालक दांडीच्या जागी, गॅरेजमध्ये ज्याला बॉनेटचा शॉकर म्हणतात, तो वायूचा दांडा बसवून घेतात.

ही वस्तू दिसते साधी. बंद नळकांड्यात नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो, किंचित तेल असते, आणि आत छिद्र असलेला दट्ट्या फिरत असतो. छिद्रामुळे दट्ट्याच्या दोन्ही अंगांना दाब सारखाच असतो. परंतु ज्या अंगाला दट्ट्याची दांडी जोडलेली असते, तेथे तिच्या जाडीइतके क्षेत्र दाबाच्या वाट्याला येत नाही, आणि हा जो फरक उरतो तोच दांडीला अखंड बाहेर लोटीत राहतो. आठ मिलिमीटर जाडीच्या दांडीचा छेद सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर भरतो. तेव्हा तिच्याकडून १५ किलो वजनाइतका जोर हवा असेल, तर आतील दाब वातावरणाच्या सुमारे ३० पट ठेवावा लागतो.

हा जोर किती असावा, याचा हिशेब मात्र पुष्कळदा कोणी करीत नाही, आणि माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे. समजा, बॉनेट १६ किलोचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर आहे. ते ६० अंश उघडले म्हणजे वजनाचा पीळ निम्म्यावर, चार किलोग्रॅम-मीटरवर येतो. दांड्याची रेषा त्या वेळी बिजागरीपासून १६ सेंटिमीटरवर असेल, तर दोन बाजूंच्या दोन दांड्यांनी मिळून २५ किलोचा जोर लावला की तोल साधतो. प्रत्येकी १५ किलोचे दोन दांडे सुखाने पुरतात. बॉनेट मिटलेले असता तीच रेषा बिजागरीच्या अगदी निकट येते, त्यामुळे जोराला पीळ उरत नाही आणि पत्रा स्वतःच्या वजनाने स्थिर राहतो.

आता यात येथील उन्हाळा मिळवावा. दांड्यावर छापलेला आकडा २० अंश सेल्सिअसचा असतो. बॉनेटखालील उष्णता ६० अंशांवर गेली, म्हणजे वायूच्या नियमानुसार १५ किलोचे १७ होतात. म्हणून या देशात, अधिक जोराचा दांडा अधिक चांगला, ही समजूत घातक ठरते. जुने बॉनेट एका टेकूवर विसावण्यासाठी घडविलेले असते. त्याच्या बिजागरीजवळच्या कोपऱ्यांवर अहोरात्र जोर पडत राहिला, तर प्रथम फट वाढते, मग रंगाला तडा जातो, आणि अखेर बिजागरीच्या पुढे पत्र्याला जी घडी पडते ती कितीही ठोकले तरी पूर्ववत होत नाही. चाळीस-पन्नास वर्षे टिकलेल्या पत्र्याला अशी घडी पडलेली पाहणे मला असह्य होते.

यास्तव माझा आग्रह असा, की शक्य तोवर नवीन भोक पाडूच नये. बिजागरीच्या आणि मडगार्डच्या मूळ बोल्टांखालीच जाड पट्ट्या धराव्यात, त्यांवर गोल डोक्याचे बोल्ट बसवावेत, जेणेकरून उद्या सारा साज उतरविला तरी गाडीच्या अंगावर व्रण राहणार नाही. बॉनेट मिटलेले असता दट्ट्याची दांडी खालच्या बाजूस यावी, म्हणजे आतील तेल सीलवर राहून ते ओलसर ठेवते; आणि तिच्यावरील वाळू वरचेवर पुसावी, कारण तीच वाळू सीलला कातरते. बसविल्यावर बॉनेट प्रथम अगदी सावकाश मिटावे, दांडा कोठे अडत असल्यास तो हाताला कळतो. वाऱ्याकडे तोंड करून ते उघडू नये, हा जुना नियम शॉकर लावल्यावरही पाळावाच. निकामी झालेला दांडा कापू वा तापवू नये. आतील दाब तेव्हाही जिवंत असू शकतो.

तो निकामी होतोच. वायू वर्षानुवर्षे सूक्ष्मपणे झिरपत जातो, आणि एका थंड पहाटे, दाब स्वभावतःच उणा असताना, बॉनेट हळूहळू खाली येऊ लागते. त्या पहाटेसाठी मूळ दांडी काढून टाकू नये. तेल लावून तिच्या जुन्या खाचेतच राहू द्यावी.