लाळेची गोष्ट – ७ : घड शाबूत, मग रस कुठे?

गेल्या आठवड्यात मी उपचारांचं कबूल केलं होतं. ते आज नाही. साताऱ्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय औषधांकडे वळणं मला जमेना. पाण्याचा तांब्या शेजारी असल्याशिवाय त्यांच्या घशाखाली भाकरीचा घास उतरत नाही. १५ मिनिटं लाळ गोळा करायला लावली, ती जेमतेम १ मिली भरली. (दीड मिली किंवा त्याहून कमी म्हणजे तोंड खरोखर कोरडं.) मग ओठाची बायोप्सी झाली. अहवालात दाह आहे, पण निम्म्याहून जास्त ग्रंथी नीट आहे असंही लिहिलंय. बाई विचारतात, ‘मग निम्मी लाळ तरी यायला नको का?’

स्लाइडी बघायला लागल्यावर हाच हिशेब मलाही कित्येक वर्षं छळत होता.

आधी एक करून बघा. खालचा ओठ उलटा करा, आतली बाजू स्वच्छ रुमालाने टिपा आणि आरशात मिनिटभर पाहत राहा. दहिवर पडावं तसे बारीक थेंब उमटतात. त्या थेंबांखाली साबुदाण्याहून लहान लाळग्रंथी असतात. सर्जन त्यांतल्याच चार-पाच काढतो आणि त्या आमच्याकडे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांचे घड दिसतात. मणी म्हणजे लाळ स्रवणाऱ्या पेशींचे गोळे आणि देठ म्हणजे लाळ वाहून नेणाऱ्या नळ्या. श्योग्रेनच्या आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लाळग्रंथींवर उलटते त्या आजारात, देठाभोवती जांभळ्या ठिपक्यांचा पुंजका बसलेला असतो. हे लिम्फोसाइट, प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी. ५० किंवा जास्त असले तर तो एक पुंजका धरायचा, आणि ४ चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे साधारण तिळाएवढ्या जागेत, असा सरासरी एक तरी भरला तर आमचा अहवाल आजाराच्या बाजूने जातो. मी अजूनही पेन्सिलीने रेघा ओढूनच मोजतो.

पुंजका देठाशीच का? कारण नळीच्या अस्तरपेशी नुसता मार खात नाहीत, पाहुण्यांना घरात बोलावतात त्याच. त्या रासायनिक संदेश सोडून लिम्फोसाइटना खेचून आणतात आणि बाफ नावाचं प्रथिन पुरवून त्यांच्यातल्या बी-पेशींचं आयुष्य वाढवतात. ग्रीसच्या मुत्सोपुलोस यांनी १९९४ साली या आजाराला स्वप्रतिकारक अस्तरदाह म्हणावं असं सुचवलं ते यामुळेच. मला ते नाव फार आवडतं, पण प्रचारात श्योग्रेनचंच राहिलं.

देठ बिघडल्याचा पुरावा लाळेतही सापडतो. मण्यांत तयार होणारी लाळ जवळजवळ रक्ताइतकी खारट असते. नळीतून येताना तिच्यातलं मीठ परत शोषलं जातं, म्हणून आपल्या तोंडात पोचते ती अळणी. श्योग्रेनच्या रुग्णांच्या लाळेत सोडियम आणि क्लोराइड जास्त निघतं. आधीच थोडी, त्यात खारट!

आता बाईंचा हिशेब. तो चुकतो, कारण मणी दिसतो आहे म्हणजे तो काम करतो आहे असं आपण धरून चालतो. चिंच नुसती आठवली तरी मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटतं. ते मण्यातल्या पेशीवरच्या एम-३ नावाच्या ग्राहकाला चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग सोडियम आणि त्यांच्या ओढीने पाणी. पाण्याला पेशीतून जायला अ‍ॅक्वापोरिन-५ ही वाट असते. (अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) या साखळीतली एखादी कडी निखळली तरी पेशी जिवंत राहून मुकी होते. स्लाइडीवर ती अगदी टवटवीत दिसते.

दाह नेमक्या याच कड्यांवर घाव घालतो. लिम्फोसाइटांनी सोडलेली काही द्रव्यं मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन सुटू देत नाहीत, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. काही अभ्यासांत अ‍ॅक्वापोरिन-५ नळीकडच्या बाजूला असण्याऐवजी पेशीच्या भलत्याच बाजूला सापडलं. दार आहे, पण परसात उघडणारं. काही रुग्णांच्या रक्तात एम-३ ला चिकटणारी प्रतिद्रव्यंही आढळली. सगळा दोष त्या प्रतिद्रव्यांच्या माथी मारणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण ती सगळ्यांत सापडत नाहीत आणि ती मोजण्याच्या पद्धतींवरून अजून वाद आहेत.

पाठ्यपुस्तकांतला ‘ग्रंथीचा नाश’ हा शब्द म्हणूनच मला खटकतो. नाश होत नाही असं नाही. पेशींखालचा आधारपडदा विकरांनी विरतो, मणी सुटे होऊन मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतू येतात. (वयानेही हे थोडंफार होतंच, साठीच्या ओठातली चरबी पाहून घाबरू नये.) पण ते बऱ्याचदा नंतरचं. कोरड त्याच्या आधीच सुरू झालेली असते.

पेशी मुकी आहे, मेलेली नाही, याचा माझ्या लेखी सगळ्यात छान दाखला ब्राझीलच्या जाबोरांडी या झुडपाच्या पानांत आहे. त्यातलं पिलोकार्पिन थेट एम-३ ला जाऊन भिडतं आणि कित्येक रुग्णांच्या तोंडाला तासाभरात पाणी सुटतं. सगळे मणी मेले असते तर ते कुठून सुटलं असतं? अंगाला घामही भरपूर सुटतो आणि दमेकऱ्यांना ते सोसत नाही, पण ते पुढच्या वेळी.

बाईंनी ताजा कलमात विचारलंय की दिवसभर लिंबाची फोड चघळली तर चालेल का. नको. आंबट धुऊन काढायला आणि त्याची धार मारायला लाळ लागते, आणि तीच तुमच्याकडे नाही. वर्षभरात दातांवरचं इनॅमल झिजेल. साखर नसलेलं च्युइंगम चघळा. आणि कानाखालची एकाच बाजूची ग्रंथी सुजून महिनाभर तशीच राहिली, तर माझ्या पुढच्या लेखाची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.