संकेतस्थळाचीं प्लगइन: निवड व बसवणी

मावळ तालुक्याचें मुख्य पीक भात. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रांत तयार झालेला व १९८७ सालीं प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्यामुंबईस नांवानिशीं मागितला जातो. पावसाळ्यांत लोणावळा, कार्लें, भाजें व पवना जलाशय या बाजूंस शहरची मंडळी लोटते आणि शेतावरचा मुक्काम व घरगुती जेवण शोधते. हें गिऱ्हाईक दलालाच्या हातून न येतां थेट आपल्या दारीं यावें अशी ज्या शेतकऱ्याची इच्छा असेल, त्यास स्वतःचें संकेतस्थळ फार उपयोगी पडतें. परंतु संकेतस्थळ उघडल्यावर पहिला घोळ होतो तो प्लगइनच्या निवडींत. त्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी येथें मांडीत आहें.

मुंबईकडून येणाऱ्या जड गाडीस बोरघाट चढविण्यासाठीं कर्जतेस मागून जादा एंजिनें लावतात व घाट चढून आल्यावर तीं सोडवितात. गाडी मूळचीच असते. कामापुरतें बळ तेवढें जोडलेलें असतें. प्लगइन हें संकेतस्थळाचें असेंच जोडीचें एंजिन होय. वर्डप्रेस ही प्रणाली मॅट मुलेनवेग व माइक लिटल या दोघांनीं २००३ सालीं सुरू केली आणि २००४ सालच्या १.२ या आवृत्तींत प्लगइनची सोय झाली. जगांतील शेंकडा चाळिसांहून अधिक संकेतस्थळें आज या प्रणालीवर चालतात. तिचें मराठी रूपही विनामूल्य मिळतें. तिच्या अधिकृत भांडारांत सुमारें साठ हजार प्लगइन आहेत. एवढी रास समोर पडली म्हणजे माणूस जत्रेंतल्या मुलासारखा दिसेल तें उचलूं लागतो, आणि नुकसान तेथूनच सुरू होतें.

गरज आधीं, प्लगइन नंतर

प्रथम आपलीं कामें कागदावर लिहावीं. समजा, पवन मावळांतील एका शेतकऱ्यास तांदूळ विकावयाचा आहे व दोन खोल्या पाहुण्यांस द्यावयाच्या आहेत. त्याचीं कामें चार: गिऱ्हाइकाची विचारपूस घेणें, मागणी व पैसे घेणें, फसवे संदेश अडविणें, आणि सर्व दप्तराची नक्कल अन्यत्र ठेवणें. यांस अनुक्रमें कॉन्टॅक्ट फॉर्म ७, वूकॉमर्स, अकिस्मेट व अपड्राफ्टप्लस हीं प्रसिद्ध प्लगइन आहेत. तरीही तारतम्य हवें. वर्षाकाठीं दहा पोतीं विकणाऱ्यानें वूकॉमर्सचें सबंध दुकान मांडण्याचें कारण नाहीं. विचारपुशीचा साधा फॉर्म व फोन नंबर त्यास पुरतो. अकिस्मेट बिनव्यापारी खासगी संकेतस्थळास विनामूल्य मिळतें, पण विक्री करणाऱ्यास त्याचें शुल्क भरावें लागतें. 'मोफत' या शब्दाखालील अटी वाचल्याशिवाय बटण दाबूं नये. शिवाय अनेक प्लगइन संकेतस्थळाचें ओझें वाढवितात. डोंगरपट्ट्यांत मोबाइलची रेंज क्षीण असतां जड पान लवकर उघडलें नाहीं, तर पाहुणा दुसऱ्याच्या पाटीकडे वळतो.

इतर हक्कांची चौकशी

जमीन घेतांना शहाणा माणूस सातबाराचें 'इतर हक्क' हें सदर आधीं वाचतो. प्लगइन बसविणें म्हणजे आपल्या संकेतस्थळाच्या त्या सदरांत दुसऱ्याचें नांव लावून घेणेंच होय. कारण एकदां आंत आलेलें प्लगइन बहुधा सर्व दप्तर वाचूं शकतें: गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते, फोन नंबर व मागण्या. म्हणून भांडारांतील त्याच्या पानावर चार नोंदी पाहाव्या. शेवटची सुधारणा केव्हां झाली, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासणी झाली, तें किती ठिकाणीं चालू आहे, आणि तक्रारींस कर्ता उत्तर देतो कीं नाहीं. गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर ज्याची तपासणी झालेली नाहीं, त्याच्या पानावर भांडारच इशारा छापतें. तो इशारा दिसतांच पुढें जावें.

ही सावधगिरी व्यर्थ नाहीं. डिस्प्ले विजेट्स नांवाचें प्लगइन सुमारें दोन लाख संकेतस्थळांवर चालू होतें. २०१७ सालीं मूळ कर्त्यानें तें विकलें आणि नव्या धन्यानें सुधारणेच्या नांवाखालीं त्यांत चोरवाट घातली. त्या वाटेनें लोकांच्या संकेतस्थळांवर भलत्याच जाहिराती उमटूं लागल्या, आणि अखेर भांडारानें तें काढून टाकलें. जमिनीच्या फेरफाराची नोटीस हितसंबंधितांस मिळते व हरकतीस पंधरा दिवस असतात. प्लगइनचा धनी बदलतो तेव्हां अशी नोटीस येत नाहीं. यास्तव महिन्यांतून एकदां स्वतः पाहणी करणें प्राप्त आहे.

हें काम परदेशींच होतें असेंही नाहीं. राहुल बन्सल यांची आरटीकॅम्प व सुजय पवार यांची ब्रेनस्टॉर्म फोर्स या पुण्यांतीलच वर्डप्रेसचें काम करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि दुसरीचें स्टार्टर टेम्प्लेट्स हें प्लगइन जगभर वापरलें जातें. मात्र कर्ता जवळचा असो वा दूरचा, वरील चार नोंदी पाहण्याचें काम चुकत नाहीं.

बसविण्याची रीत

शनिवार-रविवारीं व ऐन हंगामांत कोणतेंही नवें प्लगइन बसवूं नये. सोमवार-मंगळवारची सकाळ बरी. आधीं संबंध संकेतस्थळाची नक्कल घेऊन ती वेगळ्या जागीं ठेवावी. मग व्यवस्थापनाच्या पानावरील प्लगइनच्या सदरांत जाऊन नवीन जोडावें, नांव शोधावें, कर्त्याचें नांव पडताळावें, प्रथम स्थापित व नंतर सक्रिय करावें. एका वेळीं एकच बसवावें आणि लागलीच स्वतःच्या मोबाइलवर खोटी मागणी नोंदवून पाहावी. दोन एकदम बसविलीं व कांहीं बिघडलें, तर दोष कोणाचा तें कळत नाहीं. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून, प्लगइनमुळें संकेतस्थळ बंद पडल्यास वर्डप्रेस व्यवस्थापकाच्या ईमेलवर दुरुस्तीची वाट पाठवितें. तो ईमेल पत्ता शेतकऱ्याचा स्वतःचा असला तरच तिचा उपयोग. पत्ता संकेतस्थळ बांधणाऱ्या मुलाचा असेल व तो गांव सोडून गेला असेल, तर किल्ली त्याच्याबरोबर गेली असें समजावें. पावसाळ्याचीं आरक्षणें तेथेंच अडकलीं, तर हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं.

नंतरची राखण

चांगल्या प्लगइनमध्यें देखील उणीव निघते. वर सांगितलेलें अपड्राफ्टप्लस तीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असतां, फेब्रुवारी २०२२ मध्यें त्यांत असा दोष सांपडला कीं, साध्या नोंदणीकृत सभासदासही दप्तराची नक्कल उतरवून घेतां यावी. त्वरेनें सुधारित आवृत्ति निघाली आणि ज्यांनीं ती घेतली त्यांचा धोका टळला. म्हणून सुधारणा वेळेवर घ्याव्या. नको झालेलें प्लगइन केवळ निष्क्रिय करून ठेवूं नये. त्याची संहिता आंतच राहते, सबब तें पुसूनच टाकावें. पैशाच्या प्लगइनची चोरटी नक्कल कोणी फुकट देऊं केली, तर ती हातांतही धरूं नये. अशा नकलांतून पुष्कळदां चोरवाटाच येतात. हाताखालच्या माणसास काम सांगावयाचें असल्यास त्यास मर्यादित अधिकाराचा वेगळा प्रवेश द्यावा, मुख्य परवलीचा शब्द देऊं नये.

शेवटीं एकच सूचना. घरीं एक साधी वही ठेवून तींत प्रत्येक प्लगइनचें नांव, तें कशासाठीं घेतलें, कोणत्या तारखेस बसविलें, शुल्क केव्हां भरावयाचें व शेवटची सुधारणा केव्हां घेतली, हीं पांच सदरें आंखावीं. ज्या प्लगइनपुढें 'कशासाठीं' हें सदर कोरें राहील, तें त्याच दिवशीं काढून टाकावें. दप्तर नीट असलें म्हणजे तंटा थोडा होतो, हा जमिनीच्या बाबतींतला नियम येथेंही तंतोतंत लागू पडतो.