लिनक्स लॅपटॉपची बॅटरी पटकन संपते? आधी प्रोसेसरचा वेग तपासा

वांद्र्याच्या कॅफेत प्रोजेक्ट पूर्ण करायचाय, बॅटरी २० टक्क्यांवर आणि चार्जिंग पॉइंट एकही रिकामा नाही. लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर एक सेटिंग कामी येऊ शकतं.

प्रोसेसरचा वेग वाढला की त्याला व्होल्टेजही जास्त लागतं. व्होल्टेज दुप्पट झालं, तर त्याच वेगाला वीज साधारण चौपट लागते. म्हणूनच वेग थोडा कमी केला तरी बचत चांगली होते.

लिनक्समध्ये हा वेग कर्नलमधला 'गव्हर्नर' ठरवतो. उबुंटू किंवा फेडोरामध्ये सेटिंग्जमधल्या 'पॉवर' विभागात सहसा तीन पर्याय दिसतात. टायपिंग, ब्राउझिंगसाठी 'पॉवर सेव्हर', रोजच्या कामाला 'बॅलन्स्ड' आणि चार्जर लावून व्हिडिओ एडिटिंग करताना 'परफॉर्मन्स'.

इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर गव्हर्नरचं नाव 'पॉवरसेव्ह' दिसतं. याचा अर्थ लॅपटॉप कायम संथ चालणार, असा नाही. काम वाढलं की वेगही वाढतो.

'टीएलपी' हे बॅटरी वाचवणारं टूलही लोकप्रिय आहे. पण ते आणि 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' एकाच वेळी चालवू नका. दोघं एकमेकांची सेटिंग्ज बदलत बसतात.

आणि हो, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करायला विसरू नका!