आठ तासांची मुंबई, दूरचे दहिसर

पावसाळा सरून समुद्र निवळला की मुंबई बंदरात विदेशी प्रवासी जहाजांची वर्दळ सुरू होते. कित्येक आठवड्यांच्या सागरसफरीवर निघालेली ही जहाजे बॅलार्ड पिअरला लागतात; सकाळी आलेले जहाज अनेकदा त्याच संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात प्रवाशांनी उतरून शहर पाहावयाचे, यालाच क्रूझच्या परिभाषेत ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणतात. मराठीत किनारासहल म्हणावयास हरकत नाही.

या सहलीचे सारे शास्त्र घड्याळाचे आहे. जहाज दहा तास थांबणार असले तरी ते दहा तास प्रवाशाचे नसतात. पारपत्राची तपासणी, गोदीच्या दरवाजापर्यंतची बस आणि जहाज सुटण्यापूर्वी निदान अर्धा तास परतण्याचे बंधन वजा जाता हाती सात-आठ तास उरतात. म्हणून कार्यक्रम ठरलेला असतो : गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मणिभवन, धोबीघाट. घारापुरीला जावयाचे तर लाँचने जाण्यास एक तास, येण्यास एक तास आणि वर पायऱ्यांची चढण. अर्धा दिवस तेथेच संपतो. त्यातून जहाज सोमवारी आले तर लेणी बंद!

मग दहिसरकडे कोण फिरकणार? चर्चगेटपासून दहिसर स्थानक सुमारे ३६ किलोमीटर. लोकलने तासाभराहून अधिक, आणि मोटारीने किती वेळ लागेल हे पश्चिम द्रुतगती महामार्गावर रोज अडकणाऱ्यांना विचारावे. वस्तुतः उपनगराच्या या उत्तर टोकाला पाहण्यासारखे थोडे नाही. दहिसर नदी ज्या राष्ट्रीय उद्यानातून येते, त्याच उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. नदीच्या खालच्या अंगाला, दहिसर-बोरिवलीच्या सीमेलगत मंडपेश्वरचे शैव लेणे आहे. साधारण घारापुरीच्याच काळातले हे लेणे सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी ताब्यात घेऊन तेथे चर्च केले. एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो आणि शेजारीच नटराजाचे भग्न शिल्प. एकाच दगडात इतका इतिहास घारापुरीतही सापडत नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मेट्रोच्या ‘२ अ’ मार्गावर २०२२ पासून मंडपेश्वर नावाचे स्थानकही आहे. परंतु हा मार्ग दहिसर पूर्वेकडून अंधेरी पश्चिमेपर्यंतच धावतो, बंदरापर्यंत नाही.

गंमत अशी, की एके काळी बंदरातून येणारा पाहुणा इकडेच येत असे. सोपारा, कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहावयास आलेल्या पारशी मंडळींनी तर पहलवी लिपीत आपली नावे व तारखा कोरून ठेवल्या. त्यांना संध्याकाळी परतण्याची घाई नसावी.

आजच्या प्रवाशाला ती असते, आणि तिच्यावरच जहाजकंपन्यांचा धंदा चालतो. जहाजामार्फत घेतलेली सहल महाग पडते. पण तिची बस वाहतुकीत अडकली तर जहाज सहसा थांबते, वा प्रवाशाला पुढच्या बंदरात पोहोचविण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा विमानखर्च त्याचा, आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर तोही घोर त्याचाच. कान्हेरीला टॅक्सीने जाऊन येणे अशक्य नाही. पण तीन तास लेण्यांत आणि चार तास रस्त्यावर, हा जुगार परक्या शहरात कोण खेळेल? जहाज रात्रभर बंदरात थांबणार असेल तरच तो विचार करावा.

हेच गणित आता उलट्या दिशेनेही लागू आहे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या जहाजसफरी सुरू झाल्या आणि दहिसर-बोरिवलीची कुटुंबेही प्रवासी म्हणून बॅलार्ड पिअरला पोहोचू लागली. गोव्यात जहाज मुरगावला लागते; तेथून जुन्या गोव्याची चर्चे किंवा मंगेशी एका दिवसात होतात, उत्तरेकडचे किनारे मात्र दूर पडतात. लक्षद्वीपमध्ये बेटाभोवतीचे पाणी उथळ असल्याने मोठे जहाज दूर समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होडीतून नेले जाते. वारा वाढला तर उतरणेच रद्द होते, तेव्हा सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

परदेशी सफरीत आणखी एक पथ्य. जहाजाचे घड्याळ आणि बंदराचे घड्याळ यांत कधीकधी एक तासाचे अंतर असते. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ दाखवतो, शिडी मात्र जहाजाच्या वेळेप्रमाणे उचलली जाते. उतरण्यापूर्वी हातातले घड्याळ जहाजाशी जुळवावे, आणि बंदरातील जहाजाच्या एजंटचा दूरध्वनी क्रमांक खिशात ठेवावा. तो जहाजावर रोज वाटल्या जाणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा छापलेला असतो.