जिथे धरण झाले नाही

दिवाळीच्या सुट्टीत या वर्षी आम्ही पाहुण्यांकडे न जाता केरळला गेलो. चिपळूणहून कोकण रेल्वेने शोरानूर, तिथून बसने मन्नारकाड आणि पुढे मुक्काली. सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता मुक्कालीच्या वनखात्याच्या ऑफिसपासून सुरू होतो. आपली गाडी आत नेता येत नाही. जीप आणि गाइड तिथूनच घ्यावे लागतात, आणि सुट्टीत आधी बुकिंग केलेले नसेल तर परत फिरावे लागते. प्लास्टिकला बंदी आहे. आमचे खजूर प्लास्टिकच्या पिशवीतून निघून ह्यांच्या रुमालात गेले.

आतला सैरंध्रीपर्यंतचा रस्ता 23 किलोमीटरचा, पण तासाहून जास्त वेळ लागला. वळणागणिक झाडी दाट होत जाते आणि उजेड कमी. आमचा गाइड तिथल्याच आदिवासी वस्तीतला तरुण होता, हिंदी मोडकीतोडकी. त्याने एके ठिकाणी जीप बंद करायला लावली आणि म्हणाला, "सुनो." झाडावरच्या किड्यांची किरकिर इथे ऐकू येत नाही, म्हणून इंग्रजांनी हे नाव दिले असे सांगतात. पाखरे बोलत होती, कुठेतरी पाणी वाहत होते, पण ती कान किटवणारी किरकिर खरोखरच नव्हती. धाकटासुद्धा चक्क दोन मिनिटे गप्प बसला.

इथले प्रसिद्ध जनावर म्हणजे सिंहाच्या शेपटीचे माकड. अंग काळे, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. जगात ते फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे. आम्हाला ते दिसले नाही. गाइडने त्याच्या आवडत्या वेडिप्लावू झाडाची सुकलेली काटेरी टरफले दाखवली, छोट्या फणसासारखी. परतताना शेकरू मात्र दिसले, आणि आपल्या राज्याचा प्राणी परमुलखात भेटला म्हणून मुले खूश झाली. मोज्यांना मीठ चोळले होते तरी जळवांनी मला दोनदा गाठलेच.

सैरंध्रीला उंच मनोरा आहे. वर चढल्यावर खाली कुंतीपुळा नदीचे खोरे दिसते, आणि जिकडे नजर जाईल तिकडे फक्त झाडे. तोंडातून आपसूक सुब्हानल्लाह निघाले. गाइडने हात करून दाखवले: धरण इथेच होणार होते.

ही हकिगत मला वाचून माहीत होती, पण ती जागा पाहणे वेगळे. 1973 मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली होती. वीज 120 मेगावॅट, आणि पाण्याखाली जाणारे जंगल सुमारे 830 हेक्टर. एवढ्या मोठ्या रानात तेवढे गेले तर काय बिघडले, असे समर्थक म्हणत. पण बुडणार होते ते नदीकाठचे, खोऱ्याच्या मधोमध असलेले जंगल. विरोधात उभे राहिले ते केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे लोक. त्यांच्यात शाळा-कॉलेजचे शिक्षक पुष्कळ होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद त्यांतलेच. कवयित्री सुगतकुमारी होत्या. आणि आपल्या मुंबईची दोन माणसे होती. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी प्रकल्प रद्द करण्याची मागणी केली. जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने प्रकल्प सोडून द्यावा असे सुचवले, पण सोडणे शक्यच नसेल तर या अटी पाळा, असेही लिहिले. राज्य सरकारने नेमकी तीच पळवाट धरली. भलेपणाने लिहिलेले एखादे वाक्य किती महागात पडू शकते! शेवटी 1983 मध्ये प्रकल्प सोडला गेला आणि 1984 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झाले.

मी हे उत्साहाने सांगत होते, तेवढ्यात मोठीने विचारले, "अम्मी, मग इथल्या लोकांना वीज कुठून मिळाली?"

प्रश्न रास्त होता. त्या काळी मलबारात विजेची टंचाई होती आणि धरण मागणारे लोक काही जंगलाचे दुश्मन नव्हते. वीज पुढे दुसरीकडून आली, पण ती वाट पाहणाऱ्यांना काय वाटले असेल? आणि मी स्वतः तर कोयनेच्या विजेवर वाढले. पोफळीचे वीजघर आमच्या तालुक्यातच आहे. माझ्या बीएडचा सगळा अभ्यास त्याच दिव्याखाली झाला. कोयनेच्या पाण्याखालीही गावे आणि जंगल गेलेच की. अल्लाहची अमानत सांभाळायची, हे मुलांना शिकवणे सोपे आहे. स्वतःच्या घरातले बटण दाबताना ते आठवत नाही.

मोठीला मी "घरी गेल्यावर बोलू" म्हटले. मुक्कालीला परत आल्यावर जोहर आणि असरची कसर नमाज पढलो आणि मन्नारकाडची बस धरली.

सुट्टी संपल्यावर नववीच्या वर्गाला मी हीच गोष्ट सांगितली आणि विचारले, तुम्ही असता तर धरण बांधले असते का? निम्मे हात वर झाले. मग उलटा प्रश्न विचारला, तेव्हा उरलेले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने दोन्ही वेळा हात वर केला नाही. तास संपल्यावर कारण विचारले, तर म्हणाला, "मॅडम, आमच्या नानीचं गाव कोयनेत गेलं. आणि माझे अब्बा पोफळीला कामाला आहेत."