फॉरमॅट मारण्याआधी थांबा!

सोमवारचं प्रेझेंटेशन रविवारी रात्री जवळजवळ पूर्ण होतं आणि नेमका तेव्हाच घरचा पीसी मान टाकतो. निळा स्क्रीन (विंडोज ११मध्ये २०२५पासून काळा), त्यावर इंग्रजीत काहीतरी अगम्य, आणि मशीन आपलं आपण रीस्टार्ट! एकदा झालं तर आपण सोडून देतो. पण दिवसातून चार-चार वेळा व्हायला लागलं, की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, 'अरे, फॉरमॅट मार ना!'

आमच्या घरी गेल्या वर्षी हेच सुरू होतं. आमचा डेस्कटॉप सगळ्यांचा. माझं वर्क फ्रॉम होम त्यावर, बाबांचे सोसायटीचे हिशेब त्यावर, आणि एका फोल्डरमध्ये चक्क आजी. म्हणजे तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी रेकॉर्ड केलेल्या. एकुलती एक कॉपी!

दुरुस्तीवाले दादा आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ''मॅडम, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारू, दोन तासांचं काम.''

''फक्त सी ड्राइव्हच ना?'' बाबांनी विचारलं. पण फोल्डर डेस्कटॉपवर होतं आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हवरच असतं, हे कितीजणांना माहीत असतं? मी म्हटलं, ''दादा, मला दोन दिवस द्या.''

आधी सामान बाहेर काढा

पहिलं काम म्हणजे बॅकअप. दुरुस्ती नंतर! क्रॅश होणारं मशीन हार्ड डिस्कमुळेच क्रॅश होत असेल, तर प्रत्येक रीस्टार्टगणिक डेटा धोक्यात. म्हणून ओव्या, फोटो, हिशेब थोडेथोडे करून एक्स्टर्नल डिस्कवर घेतले आणि महत्त्वाचं तेवढं क्लाउडवरही टाकलं. विंडोज तेवढा वेळसुद्धा टिकत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइल्स काढता येतात. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा.

मशीन काय म्हणतंय ते ऐका

क्रॅश म्हणजे नुसता वैताग नसतो, मशीन जाताजाता जबाब नोंदवून जातं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडलं, की कुठल्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुल्यांसकट दिसतं. त्या आठवड्यात कुठला अपडेट किंवा प्रोग्रॅम आला, तेही तिथेच कळतं. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद बरेचदा सापडते. ती बघून लगेच पॉवर सप्लाय बदलायला धावू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. का पडलं, ते नाही.

सोबत मी एक साधी वही ठेवली. वेळ, त्या वेळी काय चालू होतं आणि स्क्रीनवरचा स्टॉप कोड. मोबाइलने फोटो काढला तरी चालतो. आठ-दहा नोंदी झाल्या, की चित्र दिसायला लागतं. दर वेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव? मग संशय त्या ड्रायव्हरवर. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करतानाच मशीन पडतं? उष्णता किंवा ग्राफिक्स कार्ड. निळा स्क्रीन न येताच एकदम अंधार? पॉवर सप्लाय, यूपीएस किंवा घरातली वायरिंग. आणि दर वेळी वेगळाच कोड? मग रॅम तपासा.

एका वेळी एकच

आता खरा नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला! पंखा साफ केला, ड्रायव्हर बदलला, अँटीव्हायरस काढला, सगळं एकाच संध्याकाळी केलं, तर कशाने बरं झालं ते कळणारच नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी. मशीन बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडलं. पंख्यावर धुळीची गोधडी! ती साफ केली. प्रोसेसरचं तापमान खाली आलं, क्रॅश तसेच. मग सेफ मोड. त्यात विंडोज मोजक्याच ड्रायव्हर्सवर चालतं. तिथे मशीन शांत राहिलं, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा. आमचं तिथेही कोसळलं. म्हणजे मामला हार्डवेअरचा दिसत होता, आणि वहीतले कोडही दर वेळी वेगळे.

रात्री पेनड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' लावला. हा विंडोजच्या बाहेर चालतो, त्यामुळे विंडोजला दोष द्यायची सोयच उरत नाही. अर्ध्या तासात लाल ओळी सुरू! रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून दुसरी तपासली, मग अदलाबदल. एक पट्टी निर्दोष; दुसरी कुठल्याही स्लॉटमध्ये लावा, एरर हजर. म्हणजे स्लॉट ठीक, पट्टी खराब. ती काढली आणि क्रॅश थांबले. बिल जपून ठेवलेलं होतं, वॉरंटीत नवीन पट्टी मिळाली.

फॉरमॅट मारला असता तर? नवं विंडोज त्याच खराब रॅमवर चढलं असतं, क्रॅश सुरूच राहिले असते आणि ओव्या मात्र गेल्या असत्या.

मोठ्यांचंही असंच

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स कोसळली. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा. आपल्याकडे विमानतळांवर लोकांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. आणि इलाज? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक सदोष फाइल डिलीट करायची. काम कंटाळवाणं, पण डेटा जागच्या जागी. कारण नेमकं माहीत होतं!

फॉरमॅट वाईट असतो असं नाही. व्हायरसने पोखरलेल्या किंवा खरंच बिघडलेल्या विंडोजवर तो रामबाण आहे. पण आधी बॅकअप हवा आणि हार्डवेअर तपासलेलं हवं.

हे सगळं करायला वेळ नाही? हरकत नाही, दुरुस्तीवाल्याला बोलवा. फक्त मशीन हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारा. 'नेमकं काय बिघडलंय?' आणि 'ते तुम्हाला कशावरून कळलं?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं, तर खुशाल मशीन द्या. नाही मिळालं, तर चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.